चमच्यावर थांबणारा रस्सा

५ मार्च

चि. ठमे,

एक विचारते, हसायचं नाही. रस्सा घट्ट कसा करतात?

आपल्याकडे पाहुणे यायचेत, त्यांना घट्ट लागतो. आता तू म्हणशील, आई, जन्म गेला तुझा चुलीपुढे नि हे मला विचारतेस? विचारते. या घरात घट्ट रस्सा कधी झालाय का? तुझ्या बाबांचा हुकूम तुला पाठच आहे: घट्ट माल भिंतीला, पातळ रस्सा ताटाला. दिवसभर थापीवर सिमेंट बघून आलेला गवंडी, त्याला घरी वाहतं काहीतरी हवं असायचं. वाटी तोंडाला लावून असे ओरपायचे की शेजारणीला कळायचं आज काय केलंय ते.

मी परवा पीठ लावून पाहिलं. पातेल्यात गोट्या खेळाव्यात इतक्या गुठळ्या. तुला तिथे त्या मोठ्या हॉटेलात रश्शावरची मुख्य केलंय ना, मग जरा आईलाही शिकव. सविस्तर लिही, आखडता हात घेऊ नकोस. तिथे कोण कसा करतो तेही लिही. फोन मात्र करू नकोस, माझ्या डाव्या कानाला फोनवर नुसती खरखर ऐकू येते, नि उजवा कान तर कधीचाच रुसलाय.

बाबा बरे आहेत. जरा सर्दी आहे, त्यामुळे फार बोलत नाहीत एवढंच.

तुझी आई

११ मार्च

ती. आई,

हसले नाही. बरं, हसले, पण थोडंसंच.

गुठळ्यांचं असं आहे, तू उकळत्या रश्शात कोरडं पीठ भुरभुरवलंस, खरं ना? पिठाच्या गोळीला बाहेरून चटका बसतो, ती वरून कातडी धरते आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. त्यापेक्षा आधी पीठ तुपात मंद भाज, मग पातळ थोडं थोडं घाल आणि हात थांबवू नकोस. नाहीतर गार पाण्यात कालवून मग ओत.

झालं तुझं उत्तर. पण तू सविस्तर म्हणालीस म्हणून लिहिते, कारण इथे हे सांगायला कोणी नाही. इथे सगळ्यांना ते रोजचंच आहे आणि मी एकटीच तोंडात बोट घालून उभी असते.

आमच्या स्वयंपाकघरात प्रत्येकाची चूल वेगळ्या देशातली. भट्टीवाला मांस भाजून झालं की रिकामी कढई माझ्यापुढे सरकवतो. तुला वाटेल, घासायला दिली. तळाला काळपट खरवड चिकटलेली असते. तो म्हणतो, हेच तर सोनं! त्यातल्याच चरबीत पीठ भाजायचं, हाडांचं पाणी घालायचं आणि उलथन्यानं ती खरवड सोडवायची. बघता बघता तपकिरी, चकचकीत रस्सा तयार. आपण जे राखेनं घासून टाकलं असतं, ते हा माणूस चोचीच्या भांड्यात भरून लोकांच्या ताटात ओततो.

त्याच्या शेजारची बाई पिठाला हातसुद्धा लावत नाही. तिचं म्हणणं, रस्सा घट्ट करायचा तर कांद्याला घाम फोडा. ती कांदा परतते, परतते, इतका परतते की टोपलीभर कांद्याची मूठभर चटणी उरते. मग मसाला घालून तेल सुटेपर्यंत पुन्हा परतणं. तिसरा एक आहे, आम्ही त्याला उंट म्हणतो, कारण तो मान वर करून पातेल्यात बघतो. (कसं ते विचारू नकोस, पण बघतो.) तो शेवटच्या क्षणी वाटीभर पांढरं पाणी सोडतो, स्टार्च कालवलेलं, आणि गढूळ रस्सा एकदम काचेसारखा होतो. भाजीचा प्रत्येक तुकडा आतून दिसतो. कोणी शेंगदाणे वाटून लावतं, कोणी तीळ, कोणी शिळा पाव लसणीबरोबर कुटून. एक आजी भेंडी घालते आणि तिच्याच चिकटपणावर भागवते. एकजण अंड्याचा बलक लिंबात फेसून विस्तवावरून उतरवल्यावर घालतो. त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, कारण जरा आच जास्त झाली की सगळं फाटतं.

आई, या माणसांचे आजे-पणजे कधी एकमेकांना भेटले नव्हते. तरी प्रत्येकाच्या घरी कोणीतरी पातेल्यापुढे उभं राहून एकच विचार केला, की हे पाणी घासाला धरून राहायला हवं. मला रोज वाटतं, काय ही माणसाची जात!

आता तू बोल. आपल्याकडे घट्ट रस्सा खाणारा पाहुणा कोण? मावशी पातळ खाते, काका तर पाण्यात पाव बुडवतात. आणि बाबा सर्दी झाली की जास्त बोलतात, शिंकांचासुद्धा हिशेब देतात. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? खरं सांग.

तुझी ठमी

१७ मार्च

चि. ठमे,

मेली, तुला शहाणी केली हीच माझी चूक.

सांगते. फेब्रुवारीत एका सकाळी बाबांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ. जीवावरचं पायावर निभावलं असं सगळे म्हणतात. पाय आता थोडा उचलतात. हात नुसता मांडीवर पडलेला असतो. बोलणं नाही. तुला कळवलं नाही, कारण तुझी नेमणूक नुकतीच झाली होती, आणि फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी रडले असते आणि ह्यांनी ते पाहिलं असतं. रागाव हवं तर, पण पत्रातच रागाव.

खरी पंचाईत पुढे आहे. ह्यांना पातळ काही गिळता येत नाही. पाणी, चहा, रस्सा, वाहतं काहीही दिलं की ते पोटाची वाट सोडून छातीत उतरतं. एकदा उतरलं आणि ताप भरला. दवाखान्यात एक बाई येतात, माणसांना गिळायला शिकवणाऱ्या. अशीही नोकरी असते हे मला या वयात कळलं. त्यांनी चमचा तिरका करून दाखवला. म्हणाल्या, टपटप थेंब पडले तर द्यायचं नाही. चमच्यावर जरा थांबून मग लदकन एकदम पडलं, तर द्यायचं. म्हणजे बघ, जन्मभर पातळ पातळ करून जीव खाल्ला माणसानं, आणि आता त्यांचा जीव घट्टपणावर आलाय.

सोळा एप्रिलला मोठे डॉक्टर बघणार आहेत. तोवर तोंडानं पुरेसं जाईना तर पोटात नळी घालतील. मग अन्न पिशवीतून परस्पर पोटात, जिभेला दर्शनसुद्धा नाही. ठमे, मला ते नको आहे. हे खाण्यासाठी जगलेलं माणूस आहे.

आता गंमत ऐक. तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ती कढईची खरवड आली तशी ह्यांनी मान वळवली. कांद्याला घाम फोडायचा आला तेव्हा खरोखर आ वासला! मी हातातला चाखलेला चमचा तसाच आत घातला. गळ्यातली घाटी वर गेली, खाली आली. इतकी वर्षं संसार केला, पण ह्यांची घाटी मी कधी पाहिलीच नव्हती गं. त्या बाई म्हणतात, एका घोटाला गळ्यातले कितीतरी स्नायू एकामागोमाग हलावे लागतात, एकानं जरी चुकी केली तरी ठसका. आणि आपण बोलत बोलत, भांडत भांडत गिळत असतो. मी हात जोडून बघत बसले.

तेव्हा तू लिहीत राहा. तू लिही, मी वाचते, हे आ वासतात.

फक्त एक कळत नाही. तू सांगितल्याप्रमाणे पीठ भाजून रस्सा केला, उत्तम झाला, चमच्यावर थांबला. पण अर्धी वाटी संपते न संपते तोच तो माझ्या डोळ्यांदेखत पातळ होतो. पातेल्यातला घट्टच असतो, वाटीतल्याचं तेवढं पाणी! मग ठसका लागतो आणि जेवण तिथेच संपतं. मी वाटी बदलली, पीठ बदललं, दुकान बदललं. माझ्याच हाताला काही झालंय का, असंही मनात येऊन गेलं.

तुझी आई

२३ मार्च

ती. आई,

रागावले आहे. ते आल्यावर बोलू. रजा मागितली आहे, माझ्या जागी उभं राहणारं माणूस एप्रिलच्या शेवटी येतंय. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गाडीत.

पत्र वाचलं आणि कोठीत जाऊन रडले. भट्टीवाल्यानं पाहिलं. मग सगळ्यांनाच सांगितलं. आई, त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत एक माणूस जेवायला गेला नाही. "वाटीतला रस्सा पातळ होतो, पातेल्यातला होत नाही," यावर आमच्याकडे भांडण जुंपलं. एक म्हणे पीठ कच्चं, एक म्हणे मीठ उशिरा, एक म्हणे वाटीच ओली असेल. शेवटी मी म्हटलं, बोलून काय होणार, करून बघू.

आम्ही तुझ्यासारखाच रस्सा केला आणि वाट्या मांडल्या. एक ओली वाटी, एक गार, एक झाकलेली. काही झालं नाही, सगळ्या घट्ट. मग मी तुझ्यासारखी बसले, समोर बाबा आहेत असं समजून. चमचा भरला, आणि माझं मलाच कळायच्या आत तो आधी माझ्या तोंडात गेला. कढत आहे का, मीठ बरोबर आहे का बघायला. तूही तसंच करतेस ना? प्रत्येक चमचा आधी जिभेला लावून, मग त्यांना, मग तोच चमचा परत वाटीत?

आम्ही तसंच केलं. त्याच चमच्यानं चाखायचं, परत वाटीत बुडवायचं. आणि आई, सगळे बघत बसलो. थोड्या वेळानं ती एकच वाटी सैल पडली. बाकीच्या जशाच्या तशा, आणि ती पाणी पाणी! उंटानं चमचा उलटा धरला, टपटप थेंब.

आपली लाळ पीठ पचवायला तोंडातच सुरुवात करते म्हणे. हे शाळेत वाचलं होतं, पण डोळ्यांनी कधी पाहिलं होतं? आपल्या तोंडात एवढी ताकद आहे की चमच्याच्या टोकाला लागलेल्या ओलाव्यानं वाटीभर रस्सा मोडतो. आम्ही इतकी वर्षं रस्से बांधतोय, आणि तो कसा सुटतो ते आमच्या तोंडालाच ठाऊक होतं. मुख्य आचाऱ्यांनी टोपी काढून हातात घेतली, तसं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा तुझ्या हाताला काही झालेलं नाही. फक्त उष्टा चमचा वाटीत घालायचा नाही. नुसतं पिठावरही विसंबू नकोस. कांदा आणि लाल भोपळा शिजवून, वाटून, बारीक चाळणीतून गाळून त्यात रस्सा कर, तो असा सहजी मोडत नाही. तीळ लावलेस तर गंधासारखे वाट, कण राहता कामा नये. हाडांचं थिजलेलं पाणी मात्र नको. ते गार असताना घट्ट दिसतं आणि तोंडात जाताच वितळतं, म्हणजे घात. आणि काहीही देण्याआधी त्या बाईंना चमच्यावर दाखव.

सगळ्यांनी बाबांना सांगितलंय, लवकर बरे व्हा. ज्याच्या त्याच्या भाषेत. मला अर्धं कळलं नाही, पण तू तसंच वाचून दाखव.

तुझी ठमी

३० मार्च

चि. ठमे,

तुझं खरं निघालं. बाईंना दाखवलं, त्यांनी मान डोलावली. भोपळ्याचा रस्सा वाटीत शेवटपर्यंत उभा राहतो, चमचा वेगळा, वाटी वेगळी, मी जीभ लावत नाही. कढत आहे का ते मनगटावर थेंब टाकून बघते.

आणि हे आता तोंडच उघडत नाहीत.

ओठ घट्ट मिटून बसतात. तुझं पत्र वाचलं, वाट्यांची सगळी गोष्ट वाचली, डोळे लकाकले, पण तोंडाला कुलूप. चमचा नेला की मान फिरवतात. आर्जवं केली, रागावले, रडले. दिवसाकाठी कसेबसे चार-दोन चमचे जातात, बाकी घरी येऊन लावलेलं सलाईन. आधी खात होते तर रस्सा पळत होता, आता रस्सा थांबला तर हे थांबले. गालफडं बसली आहेत. मी काल ह्यांना म्हटलं, तुम्हांला जायचंच असेल तर सरळ सांगा. मग सांगता येत नाही हे आठवलं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

चव आवडत नसेल का? काय घालू?

आई

५ एप्रिल

ती. आई,

चवीचंच असणार. भोपळा गोडूस लागतो. पार्सलात मिरपूड, जिरं आणि कांदेवाल्या बाईनं स्वतःच्या हातानं कुटलेला मसाला पाठवते आहे. भट्टीवाल्यानं कढईची खरवड वाळवून बाटलीत भरून दिली आहे. पोस्टात कुत्रा मागे लागला तर मी जबाबदार नाही.

आणि हे बाबांना वाच. आज आमच्या कामगारांच्या पंगतीत मी जेवले कमी, बघितलं जास्त. एकच मोठं पातेलं मध्ये, आणि रस्सा खायच्या तऱ्हा किती! भट्टीवाला बटाट्याच्या लगद्याचा डोंगर करतो, त्याला वर खड्डा पाडतो आणि तळं भरतो. उंट भात एकीकडे, रस्सा एकीकडे ठेवतो, जणू दोन भावांची वाटणी, आणि घासागणिक दोघांची भेट घालून देतो. कांदेवाली बोटांनी कालवते, पण तिचा रस्सा दुसऱ्या पेराच्या वर कधी चढत नाही. पाववाला शेवटी पावानं ताट असं पुसून घेतो की घासणाऱ्याला काम उरत नाही. एक बाई रस्सा खाली पसरलेल्या मऊ धिरड्यावरच वाढते, आणि सगळं झाल्यावर तो भिजलेला तळ सगळे मिळून खातात. तो तुकडा सर्वांत चांगला, म्हणून त्यासाठी भांडणं.

मला आपलं घर आठवलं. बाबा ताटावर बसायचे, पातळ रश्शाची वाटी आधी तुझ्याकडे सरकवायचे, म्हणायचे, "आधी तू चाख. विष असलं तर कळेल तरी." तू म्हणायचीस, "माझ्याच हातचं विष मलाच?" आणि एक घोट घेऊन म्हणायचीस, "हं, बरा आहे." त्याशिवाय त्यांनी कधी वाटीला हात लावला नाही. मी लहानपणी समजत होते, सगळ्या घरांत असंच जेवतात.

मसाला आधी चिमूटभरच घाल. पुन्हा लिहिते.

तुझी ठमी

१७ एप्रिल

चि. ठमे,

तुझं पार्सल आलं. कुत्रा नाही, पण पोस्टमन दोनदा वास घेऊन गेला. मसाला अजून डब्यातच आहे. सांगते का ते.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचत होते. डोंगर झाला, तळं झालं, पाववाला झाला. मग ते आलं, "आधी तू चाख." मी वाचता वाचता थांबले. वर पाहिलं तर हे माझ्याकडेच बघत होते, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! चव नव्हती, मसाला नव्हता, काही नव्हतं. मी चाखणं बंद केलं होतं, ठमे. जन्मात कधी माझ्याआधी खाल्लं नाही त्या माणसानं, आणि मी नुसता चमचा पुढे करत बसले होते. ते वाट बघत होते. बोलता येत नव्हतं म्हणून तोंड मिटून वाट बघत होते, आणि मी मेली त्यांना म्हटलं, जायचं असेल तर सांगा.

मी उठले. दोन वाट्या घेतल्या, दोन चमचे. एक वाटी माझी, एक त्यांची. त्यांच्यासमोर माझ्या वाटीतला चमचा भरला, तोंडात घातला, गिळला. गळ्यातून रस्सा उतरताना मला जाणवला, खरंच सांगते, आयुष्यात पहिल्यांदा जाणवला. म्हटलं, "हं, बरा आहे."

त्यांनी तोंड उघडलं.

मी एक, ते एक. मी एक, ते एक. वाटी संपली. ठसका नाही. माझा जीव भांड्यात पडला, आणि ते भांडंही रिकामं! तेव्हापासून तिन्ही त्रिकाळ असंच चाललंय. माझं वजन वाढणार आहे, ते तू आल्यावर बघशील.

काल मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांना वाटलं, मी वाटी त्यांना दाखवायला आणली आहे. मी दोन्ही वाट्या टेबलावर मांडल्या आणि जेवायलाच बसलो आम्ही. डॉक्टर उभे, गिळायला शिकवणाऱ्या बाई उभ्या, दारात नर्स उभी. ह्यांची घाटी वर जाई, खाली येई, आणि तेवढी माणसं श्वास रोखून त्या घाटीकडे बघत होती. भोपळ्याच्या रश्शाकडे एवढं कोणी बघितलं नसेल. वाटी संपल्यावर डॉक्टर म्हणाले, नळीचं तूर्त राहू दे, महिन्यानं बघू.

आता आज दुपारचं. मी माझी वाटी भरायला विसरले. तुला पत्रात काय लिहायचं ते मनात घोळत होतं, तशीच त्यांच्या वाटीत चमचा घातला आणि पुढे केला. ह्यांनी डाव्या हातानं तो माझ्या हातातून घेतला. अर्धा सांडत माझ्या तोंडाकडे आणला. थापी जशी भिंतीला लावतात तसा हलकेच ओठाला टेकवला. आणि म्हणाले. जाड जिभेनं, ओढून ओढून, पण म्हणाले, ठमे, मी माझ्या रुसलेल्या कानानंसुद्धा ऐकलं:

"आधी तू."

मी खाल्लं. मीठ माझ्या डोळ्यांचं होतं की रश्शातलं, मला कळलं नाही. मग तो चमचा उष्टा झाला म्हणून दुसरा आणला. तोही त्यांनी माझ्याच तोंडाला लावला. मग तिसरा. आता स्वयंपाकघरात एक चमचा धुतलेला नाही. तू लवकर ये, आणि येताना चमचे घेऊन ये.

तुझी आई